गंजीतली धग आणि मोंढ्यातला काटा

किस्से जमवायला मला कुठं जावं लागत नाही. आमच्या सेंटरच्या दारात लिंबाचं झाड आहे. सकाळी अंगण झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत तेवढ्याच निंबोळ्या पुन्हा पडलेल्या असतात. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून होईस्तोवर दुसरा पायाखाली येतो.

मी परभणीतल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये लॅब सांभाळते. बाईच्या पोटातून काढलेलं बीज मायक्रोस्कोपखाली सगळ्यात आधी मी बघते. ते पिकलंय का, त्यातून गर्भ होतोय का, हे बघायचं काम माझं. शिकले पुण्यात. तिथल्या मैत्रिणी अजून विचारतात, "अगं, परभणीत असली लॅब चालते?" मी म्हणते, "जगात जर्मनी, भारतात परभणी. एकदा येऊन बघ." अजून कोणी आलेलं नाही. नुकसान त्यांचंच आहे.

आज सांगते ते सगळे किस्से एकाच घरचे. त्या घरच्या सुनेला मी रीतसर विचारलं होतं, सांगू का म्हणून. ती म्हणाली, "नाव बदला मॅडम. गाव ऱ्हाऊ द्या. वजनाला मात्र हात लावू नका. ते उतरवायला माझा जीव गेलाय."

तर नाव शिवकांता. गाव सेलू. वजन, पहिल्या दिवशी, चौऱ्याण्णव किलो.

*

शिवकांताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माहेर राणीसावरगावचं. नवरा वैजनाथ सेलूतल्या एका जिनिंगमध्ये मुकादम. आणि प्रत्येक भेटीला बरोबर सासू, गंगाबाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात पिशवी. त्या पिशवीत काय काय असायचं ते त्यांनाच ठाऊक, पण ती कधी रिकामी नसायची.

दहा-बारा दिवस इंजेक्शनं झाली आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, तिची बीजं काढली. अकरा निघाली. वीस वर्षं या कामात मुरलेल्या आमच्या जमीला सिस्टरनी बाहेर जाऊन आकडा सांगितला. गंगाबाईंनी तिथल्या तिथं पिशवीतून साखर काढून वाटली.

मी आत बघत होते. बीज पिकलं की त्याच्या कडेला एक बारीकसा मणी दिसतो. अकरापैकी दोनच बीजांना मणी होता. त्या दोनातून एक गर्भ झाला आणि तिसऱ्या दिवशी तोही थांबला.

हे सांगायला मी गेले तेव्हा परसेंटेजमध्ये बोलत होते. जे सांगायला जड जातं ते आम्ही लॅबवाले परसेंटेजमध्ये सांगतो. शिवकांतानं मधेच थांबवलं. "मॅडम, तुमच्या डोळ्याला काय दिसलं ते सांगा."

"बीजं पुष्कळ होती. पण बहुतेक कच्ची होती."

गंगाबाई पुढं सरकल्या. "बी खोटं हाय का?"

"खोटं नाही. तयार झालं नव्हतं."

"म्हंजी शेंग धरली, पर दाणा भरला न्हाई."

पुण्यात दोन वर्षं मी जे शिकले ते एवढंच आहे.

शिवकांता रडली. मग नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि मला म्हणाली, "पुढच्या बारीला चांगली आणते, मॅडम." शाळेत गृहपाठ राहिल्यासारखं.

*

पुढची गोष्ट मी बघितलेली नाही. शिवकांतानं जमीला सिस्टरना सांगितली आणि सिस्टरनी अख्ख्या सेंटरला.

गंगाबाईंची नणंद घरी आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "वैनी, नऊ वर्सं झाली. वैजूचं दुसरं बगा आता."

शिवकांता ओट्यापाशी होती. हातातली बशी तशीच धरून उभी राहिली.

गंगाबाईंनी आपला चहा सावकाश संपवला. कप खाली ठेवला. "वन्सं, मागल्या साली तुमच्या रानात सोयाबीनच्या शेंगा भरल्या न्हाईत. रान इकलं का?"

"न्हाई."

"मंग आमाला कामून सांगायलात?"

सिस्टर ही गोष्ट सांगताना शेवटच्या वाक्याला नेहमी उभ्या राहतात. बसून सांगायची गोष्टच नाही म्हणतात.

*

पण दाणा का भरला नाही, हा प्रश्न होताच. मोठ्या मॅडमनी तिघांना समोर बसवलं. मी फाईल घेऊन बाजूला. मॅडम हुशार, पण त्यांना चित्र काढायची खोड. कागदावर एक गोल काढला, त्याभोवती ठिपके, ठिपक्यांना बाण.

"शरीरात चरबी जास्त झाली की ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून अशी द्रव्यं सुटतात की शरीराला वाटतं, कुठंतरी इजा झालीय. मग आतल्या आत बारीक दाह चालू राहतो. इन्फ्लमेशन. बीज ज्या पाण्यात वाढतं तिथंही तो पोचू शकतो, आणि मग बीज नीट पिकत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण असू शकतं."

गंगाबाईंनी खाली वाकून सुनेच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला नाही. "सूज तर कुठंच न्हाई, मॅडम."

"ती बाहेरून दिसत नाही."

"दिसत न्हाई, दुखत न्हाई, अन् हाय म्हणता?"

मॅडमनी दुसरा कागद ओढला. तेवढ्यात वैजनाथ खुर्चीत पुढं आला. तीन भेटींत या माणसानं नाव-गाव सोडून एक शब्द काढला नव्हता.

"आई, गंजी."

"कंची गंजी?"

"जिनिंगमधली. कापसाची. ओल्या कापसाची गंजी लागली की वरून पांढरीफेक दिसती. धूर न्हाई, जाळ न्हाई. कोपरापसोर हात घातला की कळतंय, आत तापायलीय. त्या धगीनं कापूस जळत न्हाई. पर आतली सरकी खराब होती. ती पेरली तर उगवत न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही काय करता?"

"गंजी फोडून पसरवतो. पर एकदम न्हाई. एकदम फोडली अन् वारं लागलं की भडका उडतो. जरा जरा करून, हवा देत देत."

"किती दिवस लागतात?"

"ते गंजीवर हाय."

मॅडमनी स्वतःची दोन्ही चित्रं चुरगाळून टोपलीत टाकली. तेव्हापासून आमच्याकडं येणाऱ्या जोडप्यांना वैजनाथची गंजी सांगितली जाते. मागं एका कॉन्फरन्समध्ये मॅडमनी ती इंग्रजीत सांगितली, तर पुढच्या रांगेतले दोघं-तिघं मोठे डॉक्टर लिहून घेत होते. मी मागं बसले होते. आमच्या मुकादमाचं म्हणणं लिहून घेतायत हे बघून माझी मान जरा ताठच झाली.

गंगाबाईंची मात्र एक शंका उरली होती. "आमची थोरली जाऊ हिच्यापरीस जाड. तिला सहा लेकरं."

मॅडम तोंड उघडणार तोवर वैजनाथनंच उत्तर दिलं. "आई, सगळ्याच गंज्या तापत न्हाईत."

*

मॅडमनी पाच महिने दिले. इंजेक्शन नाही, काही नाही. रोज चालायचं, वेळेवर झोपायचं, आणि भाकरी, भाजी, वरण असं साधं जेवायचं. तसा कागद लिहून दिला.

महिन्यानं शिवकांता आली तर वजन शहाण्णव. दोन किलो वाढलेलं. ती काट्यावरून उतरेना. "असं कसं? आठवड्यातून चार दिस उपास धरायलेय मी."

जमीला सिस्टरना संशय आला. "उपासाला काय खाती गं?"

"कायच न्हाई. साबुदाना. भगर, शेंगदाण्याची आमटी. रताळं तुपात. सांजच्याला केळं अन् दूध."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "आमच्या इफ्तारीला बी एवढं नसतंय."

एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते सोमवारालाही लागू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी सांगितलं, एक सोमवार ठेवा, बाकी देवांकडून पाच महिन्यांची रजा घ्या. उपाशी राहायचं नाही आणि फराळही नाही. शिवकांताला पटायला वेळ लागला. वैजनाथनं एका वाक्यात पटवलं, "एकदम फोडायची न्हाई म्हणलो ना."

तिकडं राणीसावरगावहून तिच्या आईचा तुपाचा डबा दर पंधरवड्याला यायचा. लेक उपचार घेतेय, अंगात ताकद पाहिजे, असा त्या माउलीचा हिशेब. गंगाबाईंनी डबा आल्या पावली परत पाठवला आणि बरोबर निरोप दिला, "इहीणबाई, धगीवर तूप वतू नका. नातवंड झाल्यावर दोन डबे पाठवा, आमी न्हाई म्हणणार न्हाईत."

*

आता चालण्याचं. सेलूत कोणी उगीच चालत नाही. माणूस रस्त्यानं निघाला म्हणजे कुठंतरी निघाला. शिवकांता पहिल्या दिवशी सकाळी बाहेर पडली तर गल्लीच्या टोकापर्यंत पाच जणींनी विचारलं, "कुठं निघालीस गं?" दवाखान्याचं तर कोणाला सांगायचं नव्हतं. ती परत आली.

गंगाबाईंनी पाण्याचा तांब्या भरून तिच्या हातात दिला. तांब्या घेऊन निघालेली बाई महादेवाला निघाली. तिला कोण विचारणार?

अडचण एवढीच की गल्लीतला महादेव दोन मिनिटांवर. म्हणून दुसऱ्या आठवड्यात बाजारापलीकडचा महादेव धरला. मग स्टेशनच्या पलीकडचा. मग गावाबाहेरचा. गंगाबाईही सोबत जायला लागल्या, कारण रिकाम्या रस्त्यानं सुनेला एकटीला कसं पाठवायचं. सगळ्या गल्लीत बोलबाला झाला की सून लय भक्तीची निघाली.

चौथ्या महिन्यात, एका सोमवारी, वैजनाथला जिनिंगवर आईचा फोन. "देवगाव फाट्यावर ये मोटारसायकल घेऊन. पाय ऱ्हायलेत आमचे."

"आई, तिथपसोर चालत गेलाव? तिथं कंचा महादेव हाय?"

"महादेव सगळीकडं हाय. तू गाडी आण."

त्याच महिन्यात गंगाबाईंच्या डॉक्टरांनी त्यांची शुगरची गोळी अर्ध्यावर आणली. पुढच्या भेटीला त्या मॅडमच्या टेबलावर स्वतःचा रिपोर्ट ठेवून म्हणाल्या, "माझी बी धग इजायली का बगा की." मॅडमनी नीट चष्मा लावून बघितला. ही बाई आमची पेशंट नव्हती, पण सगळ्यात चांगला रिझल्ट तिचाच दिसत होता.

*

वजनाच्या काट्यावरून एक वाद होता, तो राहिलाच. आमचा काटा डिजिटल, नवा कोरा. तिसऱ्या महिन्यात त्यावर शिवकांता नव्वद भरली. गंगाबाईंना ते काही मान्य नव्हतं. सून रोज तांब्या घेऊन पायपीट करतेय, एवढंच कसं उतरेल? "दवाखान्याचा काटा दवाखान्याच्या बाजूनं बोलतो," त्या म्हणाल्या.

त्यांचा विश्वास एकाच काट्यावर. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीवरचा, ज्यावर त्यांच्या घरचं सोयाबीन आणि तूर तीस वर्षं मोजली गेली. तर सकाळी, लिलावाच्या आधी, त्या सुनेला घेऊन तिथं गेल्या. तुरीच्या पोत्यांच्या मधोमध शिवकांता काट्यावर उभी राहिली. दोन हमाल होते, त्यांनी कोणी न सांगता पाठ फिरवली.

मुनीमाचा हात सवयीनं पावतीवर गेला. शेतकऱ्याचे नाव : वैजनाथ. वजन : नव्वद किलो. आणि खाली, कट्टी : एक किलो.

कट्टी म्हणजे पोत्यामागची कपात. बारदान्याचं वजन म्हणून, मातीचं म्हणून, काही ना काही म्हणून शेतकऱ्याच्या मालातून कापतात ती. आमच्या भागात कट्टीवरून भांडण झालं नाही असा एक बाजार जात नाही.

शिवकांतानं विचारलं, "मुनीमजी, कट्टी कशाची?"

"वैनी, साडी हाय, बांगड्या हायत. बारदाना कापतो तसंच."

तीस वर्षं त्या काट्यापाशी कट्टीवरून भांडलेल्या गंगाबाई म्हणाल्या, "आजून अर्धा किलो कापा की."

ती पावती जमीला सिस्टरनी फाईलला लावली. ब्लड रिपोर्ट, सोनोग्राफी आणि मोंढ्याची पावती. असली फाईल पुण्यात सापडायची नाही.

*

पाच महिने संपले तेव्हा वजन त्र्याऐंशी. कट्टी न कापता. पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि बीजं काढायचा दिवस आला.

त्या सकाळी गंगाबाईंनी पिशवीतून धुपाची पुडी काढली. काडी ओढणार तेवढ्यात जमीला सिस्टरनी हात धरला. "आई, इथं वास चालत न्हाई. आत लेकरं हायत."

"वासानं काय होतंय?"

"लय नाजूक असतेत. म्या ईदच्या दिवशी बी अत्तर लावून येत न्हाई. वीस वर्सं झाली."

गंगाबाईंनी सिस्टरकडं बघितलं. पुडी पिशवीत ठेवली आणि नळावर जाऊन कपाळावरची विभूतीसुद्धा धुऊन आल्या. सिस्टर म्हणाल्या, "अवो, तिला कुठं वास असतोय? ती ऱ्हाऊ द्यायची की."

"असू द्या. देवाला कळतंय."

आजवर सिस्टरच्या डोळ्यांत पाणी मी दोनदा पाहिलंय. त्यातली ही एक वेळ.

या वेळी नऊच बीजं निघाली. मागच्यापेक्षा दोन कमी. सिस्टरनी आकडा सांगितला तेव्हा शिवकांता नुकती गुंगीतून जागी होत होती. तिनं डोळे मिटून घेतले. गंगाबाईंनी पिशवीत हात घातला नाही. "आदी भरलेत का ते सांगा."

मी आत एकेक बघायला घेतलं. पहिल्याला मणी होता. दुसऱ्याला होता. तिसरं कच्चं. चौथ्याला होता. पाचव्यापासून मी श्वास रोखून बघत होते, आणि हे काम करणाऱ्या माणसानं तसं करायचं नसतं. एरवी बीजं काढल्या दिवशी मी निरोप सिस्टरजवळ देते. त्या दिवशी तोंडावरचा मास्क तसाच ठेवून मी स्वतः बाहेर आले.

"नवातली सात."

"भरली?" गंगाबाईंनी विचारलं.

"भरली."

वैजनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शिवकांता खाटेवरून मला म्हणाली, "म्या म्हणले होते ना, आणते म्हणून." तिच्या आवाजात जो ताठा होता तसा माझ्या डिग्रीच्या दिवशीही माझ्या आवाजात नव्हता.

हे वजन उतरल्यानंच झालं का? मॅडम आजही छातीठोक सांगत नाहीत. औषधाचा डोसही थोडा बदलला होता, आणि प्रत्येक खेपेला शरीर वेगळं वागतं. गंगाबाईंना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी पिशवी उघडली आणि सगळ्या सेंटरला मूठ मूठ फुटाणे वाटले.

"साखर कुठंय आई?" सिस्टरनी विचारलं.

"पाच म्हैने झाले, आमच्या घरात साखर बंद हाय."

*

मागच्या महिन्यात मी दुपारी लॅबमधून बाहेर आले तर लिंबाखालच्या बाकावर गंगाबाई बसलेल्या. एकट्याच. कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी.

पिशवीतून त्यांनी तुपाचा डबा काढला. राणीसावरगावचा. "दोन आलेत. एक तुमाला." मग पिशवीत पार तळाला हात घालून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. मोंढ्याची पावती होती.

शेतकऱ्याचे नाव : शिवकांता वैजनाथ.

वजन : चार किलो दोनशे ग्रॅम.

कट्टीच्या पुढं मुनीमानं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यावर दोनदा रेघ मारलेली.

"दुपट्याचे शंभर ग्राम कापायलता," गंगाबाई म्हणाल्या. "म्या कापू दिले न्हाईत."